आधी आवाज, मग पडणं

खारू दाणकन पडली, तेव्हा उल्काच्या पडद्यावर ती अजून ऐटीत उभी होती.

आधी कडकडाट आणि मग वीज, असला हा उलटा प्रकार. उल्काच्या खोलीची खिडकी चौकाकडेच उघडायची. मध्ये शेजारच्या घागांचा आंबा आडवा आल्यामुळे चौक दिसत नसे, पण ऐकू सगळं यायचं. आता खिडकीतून आधी धप्प आवाज आला, पोरांचं "गेली रे" सुरू झालं, आणि हे कानात शिरल्यावर पडद्यावरची खारू डावीकडे झुकली आणि पडली.

"काय गं उल्के," पथकाचा सराव घेणाऱ्या पमाताईंचा आवाज आंब्याला वळसा घालून आला, "तुझी खारू पेंगते की काय? आता गंधारला बघू दे."

गंधारला. हे नाव ऐकलं आणि उल्काच्या अंगाचा तिळपापड झाला.

ही गोष्ट अजून घडायची आहे, त्यामुळे ती खोटी म्हणायची कुणाची सोय नाही. त्या काळी कोकणातल्या वेळकोंड गावात दहीहंडीचे थर माणसं लावत नसत, यंत्रमानव लावत. खालचे रेड्याएवढे दणकट, मधले बोकडाएवढे, आणि सगळ्यांत वरची खारू, तांब्याएवढी, रबरी पंजांची. ती सरसर चढायची आणि डोक्यानं हंडी फोडायची. चालवणारी मुलं मात्र आपापल्या घरी बसत. त्यांना चौकात बसवलं की ती यंत्रं सोडून एकमेकांनाच ढकलतात, असा गावाचा अनुभव होता.

गेल्या वर्षी खारू चालवली होती उल्का सुर्वेनं, कारण यंत्रांचं वेड गावात तिच्याएवढं कुणाला नव्हतं. शेजारच्या गंधार घागच्या घरी तर इंटरनेटच नव्हतं. तो उल्काच्या मागे स्टुलावर बसून तिचा सरबताचा पेला धरायचा आणि खारू चढू लागली की श्वास रोखायचा.

मग वरच्या आळीतल्या मोहित्यांच्या गच्चीवर उपग्रहाची छत्री बसली आणि उल्काच्या डोळ्यांत सलू लागली. तिनं बाबांना आठवडाभर जेवू दिलं नाही, झोपू दिलं नाही, आणि मोहित्यांच्या छत्रीपेक्षा मोठी छत्री मागवली. दुकानदारानं दोन प्रकार सांगितले होते. एक जवळच्या उपग्रहांचा, एक फार उंचावरच्या उपग्रहाचा. मोहित्यांकडे जवळचा होता. "मग आपल्याला उंचावरचा," उल्का म्हणाली. उंच म्हणजे भारी, यात विचारायचं काय?

छत्री आली आणि चित्र असं आलं की हंडीला बांधलेल्या लिंबावरचा डागसुद्धा दिसावा. जुनी वायर काढून टाकली. ती बिचारी कुंपणाच्या भिंतीवर लोंबत होती, ती घागांनी घेतली.

आणि आता त्याच टाकून दिलेल्या वायरवर बसून गंधारनं खारू सातव्या थरावर नेली, वर तिला एका पायावर उभी केली, आणि चौकातून टाळ्या आल्या.

उल्काच्या पोटात जे दुखायला लागलं, त्यावर ओव्याचा उपाय नव्हता.

संध्याकाळी ती भिंतीपाशी गेली. घागांच्या खिडकीत तिचाच इंटरनेटचा जुना डबा होता, त्यावर तिनंच चिकटवलेली चांदणी होती, आणि त्याचा हिरवा दिवा गंधारकडे बघून डोळे मिचकावत होता. वायर भिंतीवरूनच गेली होती. मधला सांधा हाताला येत होता. एक हिसडा दिला असता तर संपलं असतं.

"उपटायच्या आधी मोजून तरी बघ," मागून आवाज आला.

भाईआजोबा. उल्काचे आजोबा आयुष्यभर आकाशाकडे छत्र्या रोखून उपग्रहांशी बोलत आले होते. आता निवृत्त होऊन ते शेवग्याच्या शेंगा मोजत.

"मी काही उपटत नव्हते."

"बरं. मग सांध्याला गोंजारत होतीस. उल्के, घरात हल्ली काय काय होतं सांग बघू."

उल्का फुरंगटून सांगू लागली. फ्रिज "दार लावा" म्हणतो, ते तिनं दार लावून झाल्यावर. दिव्याला "लाग" म्हणून पाऊल टाकलं की आधी मांजराच्या शेपटीवर पाय पडतो आणि मग उजेड होतो. नागपूरच्या मावशीशी बोलताना दोघी एकदम बोलतात, एकदम थांबतात, पुन्हा एकदम बोलतात. मावशीला वाटतं पोरगी उर्मट झाली.

"आणि हे सगळं केव्हापासून?"

उल्कानं बोटांवर दिवस मोजले. सगळं छत्री आल्यापासून होतं. घरातली यंत्रं स्वतःचं डोकं वापरत नव्हती. प्रत्येक गोष्ट दूरच्या मोठ्या संगणकांना विचारून करत होती. आणि विचारायची वाट छत्रीतूनच जात होती.

"गंधार," आजोबांनी हाक मारली, "तुझी पाटी घेऊन बाहेर ये रे."

गंधार पाटी घेऊन, म्हणजे बोटांनी चालवायचा पडदा घेऊन आला. उल्कानं त्याच्याकडे बघितलं नाही. तो मात्र तिच्याकडे बघून हसला, आणि तेच तिला जास्त लागलं.

खारूच्या गळ्यात एक घंटी होती. पाटीवरचं बटण दाबलं की चौकात ती वाजायची. आधी गंधारनं दाबलं. बोट टेकलं आणि टिण्ण. मग उल्कानं छत्रीवरून दाबलं. बोट टेकलं. आंब्यावर कावळा ओरडू लागला. मग टिण्ण.

फट छोटीच होती, आवंढा गिळण्याएवढी. पण होती. उल्कानं पुन्हा दाबलं, पुन्हा पुन्हा दाबलं. घंटी दर वेळी तेवढीच मागे राहिली.

"म्हणजे माझी छत्री वायरपेक्षा मंद आहे?" तिचा चेहरा उतरला.

"घाई नको. आता दोघं माझ्या लग्नाची फिल्म मागवा."

दोघांनी एकदम मागवली. फिल्म अगडबंब होती. उल्काकडे जेवणावळी उठल्या, तरी गंधारकडे अजून अंतरपाट धरलेलाच होता.

"म्हणजे छत्री भरभर आहे," उल्का म्हणाली. मग थांबून म्हणाली, "एकाच वेळी मंद पण आणि भरभर पण? हे कसं?"

"पंगतीत बसलीयस असं समज," आजोबा म्हणाले. "एक वाढपी परातभर जिलब्या आणतो, पण त्याचा मुदपाकखाना गावाच्या वेशीवर. दुसऱ्याच्या हातात एवढीशी वाटी, पण तो तुझ्या पाठीशी उभा. शंभर जिलब्या हव्या असतील तर कोण बरा?"

"परातवाला."

"आणि चिमूटभर मीठ हवं असेल तर?"

"वाटीवाला," गंधार म्हणाला. उल्कालाही तेच म्हणायचं होतं. तो आधी म्हणाला म्हणून तिला राग आला.

"परात किती मोठी, ती झाली बँडविड्थ (एका सेकंदात किती माहिती जाऊ शकते ते माप). आणि मीठ मागितल्यापासून पानात पडेपर्यंत जो वेळ जातो, तो विलंब (निरोप पोचायला लागणारा उशीर). दोन्ही वेगवेगळी. परात वाढवून वेस जवळ येत नाही."

"पण छत्रीचा निरोप तर प्रकाशाच्या वेगानं जातो," उल्का अडून बसली. "त्याहून जलद काहीच नसतं. तुम्हीच सांगितलंत."

"हो, सांगितलं. सेकंदाला तीन लाख किलोमीटर. आता उपग्रह कुठे आहे ते बघ. तुझा आहे भूस्थिर उपग्रह (पृथ्वीच्याच गतीनं फिरणारा, म्हणून आपल्याला आकाशात एकाच जागी टांगल्यासारखा दिसणारा). तो छत्तीस हजार किलोमीटर वर असतो. निरोप वर गेला, खाली आला. किती झाले?"

"बहात्तर हजार." उल्कानं मनात भागाकार केला. "जवळजवळ पाव सेकंद."

"ही झाली घंटी. खारू चालवताना मात्र हुकूम जातो आणि वर चित्रही परत येतं."

"म्हणजे अर्धा सेकंद." उल्का भिंतीवर बसलीच. "म्हणून मी धप्प आधी ऐकलं. चित्र अजून आकाशातून येत होतं."

"आणि ती पडली कशी, तेही सांग."

ते तिला गिझरच्या नळावरून उमगलं. पाणी गार लागतं म्हणून नळ फिरवायचा, तरी गारच, म्हणून आणखी फिरवायचा, आणि मग एकदम चटका. आता गार करायला जावं, तर उशिरानं बर्फ. खारू डावीकडे कलायची, उल्काला ते उशिरा दिसायचं, तिचा "उजवीकडे" हा हुकूम आणखी उशिरा पोचायचा, तोवर खारू आपली आपण उजवीकडेच आलेली असायची. वरून हा धक्का. मग काय होणार?

गंधारच्या वायरीत प्रकाशतंतू होता (केसासारखी बारीक काचेची तार, तिच्यातून प्रकाश निरोप नेतो). त्याचा निरोप गावातल्या गावात फिरून चौकात पोचत होता. घागांनी सगळ्यांत स्वस्त भाड्याची जोडणी घेतली होती, म्हणून वाटी मात्र एवढीशीच.

"तुम्हाला हे छत्री घेतानाच माहीत होतं," उल्का आजोबांवर उखडली.

"होतं की. पण तू किती मोठी, ते विचारलंस. मोहित्यांपेक्षा उंच का, ते विचारलंस. किती लांब, ते कुठे विचारलंस?"

गंधार पाटीच्या कडेवरून बोट फिरवत म्हणाला, "अगं, तू आमच्याकडे ये ना चालवायला. डबा तुझाच आहे."

दुसरं कुणी असतं तर उडी मारून भिंतीपलीकडे गेलं असतं. उल्काच्या डोळ्यांसमोर मात्र स्टूल आलं, आणि त्यावर बसलेली ती स्वतः आली.

"मी कशाला येऊ तुझ्याकडे," ती म्हणाली आणि घरात गेली. दिव्याला "लाग" म्हणाली आणि मांजरावर पाय दिला.

हंडीच्या दिवशी पमाताईंनी जाहीर केलं की वर गंधारच. मुंबईला, दुबईला गेलेले वेळकोंडकर दर वर्षी हंडी घरबसल्या बघत, ते थेट चित्रही या वर्षी गंधारच्याच वायरीवरून जाईल. "जिच्यावर खारू टिकते ती वायर चांगली," पमाताई म्हणाल्या. "छत्रीबित्रीची भानगड नको."

हे ऐकताच उल्काच्या डोक्यात घंटी वाजली. एवढीशी वाटी, आणि तिच्यात सगळ्या गावाच्या जिलब्या? पण तिला कुणी विचारलं नव्हतं. कॅमेरा तिनंच बसवला होता, त्याची किल्ली तिच्याच पाटीत होती, तरी कुणी विचारलं नव्हतं. ती तोंड शिवून गच्चीवर गेली आणि छत्रीखाली बसली. तिथून आंब्यावरून चौक दिसत होता, आणि घागांची खिडकीही.

प्रत्येक आळीला एकच संधी होती. खाली मोहित्यांचं पथक हात चोळत उभं होतं. एक थर झाला, दुसरा झाला, बोकडांवर बोकड चढले. खारू निघाली. तिसरा, चौथा, पाचवा. बघणाऱ्यांची गर्दी वाढली, दुबईवाले जागे झाले, चित्र मागणारी घरं शंभराची हजार झाली. आणि सहाव्या थरावर खारू अडखळली. थांबली. पुन्हा एक पाऊल, पुन्हा थांबली. गंधारचे हुकूम चित्रांच्या गर्दीत चेंगरत होते.

का अडखळते, हे अख्ख्या गावात एकाच मुलीला कळलं होतं.

पडू दे, उल्काला वाटलं. अगदी स्पष्ट वाटलं. पडू दे म्हणजे कळेल, नुसत्या वायरनं काही होत नाही.

तिची नजर घागांच्या खिडकीत गेली. गंधार पाटीवर वाकला होता, त्याचे गाल फुगले होते. श्वास रोखला होता त्यानं. गेल्या वर्षी स्टुलावर बसून अगदी असाच रोखायचा, आणि तेव्हा खारू तर त्याची नव्हतीच.

उल्कानं दात खाल्ले, पाटी उघडली आणि कॅमेऱ्याचं चित्र वायरीवरून काढून छत्रीवर टाकलं.

हजार घरांची जिलबी परातीत गेली आणि वाटी मोकळी झाली. खारू एकदा थरथरली, सावरली, सातव्या थरावर चढली आणि तिनं डोकं हाणलं. दही, लिंबं, खापऱ्या, सगळं खाली आलं.

चौकात टाळ्या कडाडल्या. आणि त्या अजून हवेत होत्या तोच उल्काच्या पाटीतून दुसऱ्या टाळ्या आल्या, दुबईच्या, अर्धा सेकंद उशिरा. पण तिथे कुणाला त्याचा पत्ता नव्हता. तिथे धप्प ऐकू जात नाही.

"चित्र कुणी हलवलं गं?" पमाताईंनी खालून विचारलं.

"तिनं," गंधार खिडकीतून छत्रीकडे बोट दाखवत ओरडला. "मला कळलं. एकदम मोकळं झालं."

मग मात्र उल्का भिंतीवरून पलीकडे गेली. काल्याचा द्रोण तिनं त्याच्या हातातून घेतला आणि निम्मा संपवल्यावर परत दिला. आजोबाही येऊन टेकले.

"पुढे कधी तरी चंद्रावर वस्ती होईल," ते म्हणाले. "तिथली हंडी इथून फोडायची म्हटलं तर? नुसता निरोप पोचायला सव्वा सेकंद, चित्र यायला आणखी तेवढाच. वायर टाकलीत तरी तेच. वेस काही जवळ येणार नाही."



"मग तोल तिचा तिनंच सांभाळायला पाहिजे," उल्का सावकाश म्हणाली. "आपण फक्त सांगायचं, हंडी फोड. कसं उभं राहायचं ते खारूला शिकवून ठेवायचं. म्हणजे विचारायला इथवर यायलाच नको."

"शिकवू या की," गंधार म्हणाला. "उद्यापासून. तुझ्याकडे की माझ्याकडे?"

"भिंतीवर," उल्का म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून भिंतीवर खारू बसू लागली, आणि तिच्या एका बाजूला वायर, दुसऱ्या बाजूला छत्री. ती आता अर्धा थर कुणालाही न विचारता चढते. मोहित्यांचा मुलगा रोज आंब्याआडून बघत असतो. त्याच्या पोटात काय होतंय, ते उल्काला एका नजरेत कळतं. कालच तिनं त्याला हाक मारून विचारलं, "येतोस का? येताना स्टूल आण."