गादीतली ऊब

ही गोष्ट खरी आहे. माझ्या सख्ख्या मावशीची आहे, आणि शेवटी शेवटी थोडी माझीही आहे.

मी चष्म्याच्या दुकानात काम करते. दिसतं तेवढंच मानायचं, ही आमच्या धंद्याची रीत. भुताखेतांच्या गोष्टींच्या या पानावर आपण कधी काही लिहू असं मला वाटलं नव्हतं. विश्वास ठेवायचा की नाही, ते तुमचं तुम्ही बघा.

आधी घर सांगते, म्हणजे पुढचं कळेल.

दुसऱ्या मजल्यावरचं घर. पुढे एक खोली, मागे स्वयंपाकघराची चिंचोळी पट्टी. पुढच्या खोलीत एकच लोखंडी कॉट, एका माणसाची. दुसरी मावत नव्हती आणि लागतही नव्हती. कारण मावशी हॉस्पिटलच्या लॉन्ड्रीत रात्रपाळीला, आणि काका बसचे ड्रायव्हर, कायम पहिल्या पाळीला. मावशी सकाळी येऊन झोपायची. दुपारी काका आले की ती उठायची आणि ते आडवे व्हायचे. त्याच जागेवर, त्याच पांघरुणात. या घरात रजा मिळत नाही ती फक्त कॉटला, असं काका म्हणायचे.

दोघांचा एक नियम होता. उठणाऱ्याने गादी झटकायची नाही. पांघरूण एका बाजूने उघडून ठेवायचं आणि बाजूला व्हायचं. म्हणजे येणाऱ्याला जागा गरम मिळते.

वर्षानुवर्षं दोघं एकमेकांच्या उबेत झोपले. एकत्र असे फारसे झोपलेच नाहीत. मावशी हे हसत सांगायची, मला मात्र ते ऐकून कधी हसू आलं नाही.

झोप काकांना कधी पुरली नाही. इंजिनाशेजारी बसून बसून कान अधू झालेले, त्यामुळे गजर ऐकू यायचा नाही. लहानपणी नाक मोडलेलं, म्हणून झोपेत श्वासाबरोबर बारीक शिट्टी वाजायची. डावा पाय कायम पांघरुणाबाहेर. संध्याकाळी मावशी त्या पायाचा अंगठा दाबायची.

काका डोळे न उघडता विचारायचे, "झाली का वेळ?"

मावशी म्हणायची, "झाली."

मगच ते उठायचे. तिने उत्तर दिलं नाही, तर शिट्टी पुढे चालू.

मला ते 'कंडक्टर' म्हणायचे. लहानपणी सुट्टीत त्यांच्याकडे राहायला गेले की मी दारात उभी राहून ताटलीवर चमच्याने डबल बेल द्यायचे. ती दिल्याशिवाय ते घराबाहेर पाऊल टाकायचे नाहीत. मला या नावाने हाक मारणारं तेवढं एकच माणूस होतं. मावशी मला बाळा म्हणते.

गेल्या वर्षी काका गेले. डेपोत गाडी लावली, इंजिन बंद केलं आणि स्टिअरिंगवर डोकं टेकलं, ते टेकलंच. घरी मावशी त्यांच्या वेळेला उठून बसली होती. पांघरूण उघडून ठेवलं होतं. जागा गार होत गेली. काका आले नाहीत, डेपोतून फोन आला.

"ह्यांची त्या दिवशीची झोप राहिली गं," एवढंच ती नंतर म्हणत राहिली.

आम्ही तिला आमच्याकडे राहायला ये म्हणालो. ती नको म्हणाली. रात्रपाळी सोडली नाही. दिवसा झोपायची, दुपारी त्यांच्या वेळेला उठायची, पांघरूण उघडून ठेवायची आणि स्टुलावर बसून राहायची. दाराचं कुलूप वाजायचं नाही. मग एकटीपुरता भात टाकायची. मला हे सगळं शेजारच्या शिंपीणबाईंकडून कळायचं. मावशीला विचारलं की ती म्हणायची, मला काय धाड भरली आहे?

आता त्या दुपारचं.

साधीच दुपार होती. ऊन होतं, खाली रस्त्यावर पोरं खेळत होती. मावशी सकाळी दमून आली होती. डोक्यापासून पायापर्यंत पांघरूण गुंडाळून झोपली. पाय उघडे राहिले तर तिला झोप लागत नाही.

जाग आली तेव्हा डोळे उघडे होते...

आणि अंग हलत नव्हतं.

हात नाही, मान नाही, जीभसुद्धा नाही. छातीवर कुणी बसलं असावं असं ओझं. कानात नुसती घरघर. लॉन्ड्रीतल्या एका इस्त्रीवालीला असं अधूनमधून व्हायचं. तिने सांगितलं होतं, घाबरायचं नाही, आधी करंगळी हलवायची, मग सगळं सुटतं. मावशीने करंगळीत सगळा जीव गोळा केला.

करंगळी हलली नाही.

तेवढ्यात... कुलूप वाजलं.

ते कुलूप जरा अडतं. काका किल्ली थोडी मागे ओढून मग फिरवायचे. तशीच ती फिरली.

बूट काढून ठेवल्याचा आवाज आला. आधी एक... मग दुसरा.

नळ सुटला. बंद झाला. ग्लास ओट्यावर उपडा ठेवला गेला.

मग पावलं... कॉटच्या दिशेने.

मी नंतर मावशीला विचारलं, भीती नाही वाटली? ती म्हणाली, वाटली तर. पण त्याच्या आधी मनात आलं की हे दमून आलेत, आपण उठायला हवं.

सवय. एवढ्या वर्षांची सवय.

अंग हललं नाही. पण ती उठली.

कपाटापाशी येऊन उभी राहिली तेव्हा तिला कळलं की काहीतरी चुकलंय. पायाखाली फरशी लागत नव्हती. पंखा फिरत होता, आवाज नव्हता. खाली पोरांची तोंडं हलत असतील, पण आवाज एकही नव्हता. तिने कॉटकडे बघितलं.

कॉटवर ती स्वतः होती. उताणी. तोंड किंचित उघडं.

आपण एवढ्या म्हाताऱ्या दिसतो हे मला तेव्हा कळलं, असं ती मला सांगताना म्हणाली. तिला अशा वेळीसुद्धा असलं सुचतं.

खोलीत दुसरं कुणी नव्हतं. स्वयंपाकघरात कुणी नव्हतं. ग्लास फळीवर होता, कोरडा ठणठणीत. दाराला आतून कडी होती. बेसिनवरच्या आरशात मागची भिंत दिसत होती, दाराजवळचा खिळा दिसत होता. मावशी दिसत नव्हती.

आणि मग मागून... बारीक शिट्टी ऐकू आली.

त्या मुक्या घरात तेवढा एकच आवाज.

ती वळली. कॉटवरचं तिचं शरीर आता उताणं नव्हतं. कुशीवर वळलं होतं. एक हात गालाखाली.

डावा पाय पांघरुणाबाहेर.

तिला लगेच समजलं. डोकं लढवायची गरजच नव्हती. ती उठली होती, जागा गरम होती, पांघरूण उघडायचं तेवढं राहिलं होतं. ते नेहमीसारखे आले आणि नेहमीसारखे आडवे झाले. बिचाऱ्यांना काय माहीत की या वेळी नुसती गादी नव्हती.

तिने परत आत शिरायचा प्रयत्न केला. जमेना. जागाच नव्हती. हाका मारल्या, त्या तिच्या तिलाच ऐकू आल्या नाहीत. खिडकीतलं ऊन भिंतीवरून वर सरकत चाललं. तिला गार वाटायला लागलं, आतून. आपण अशाच राहिलो तर कुणाला कळणारसुद्धा नाही, हे तिच्या लक्षात आलं. कामावर गेली नाही तर दोन दिवसांनी कुणीतरी दार वाजवेल, एवढंच.

शेवटी ती पायथ्याशी गेली. अंगठा दाबला. हात आरपार जाईल असं वाटलं होतं.

नाही गेला. अंगठा हाताला लागला.

शिट्टी थांबली. तिच्याच तोंडातून, तिच्याच आवाजात, झोपाळलेले शब्द आले.

"झाली का वेळ?"

उत्तर एका शब्दाचं होतं. तो शब्द उच्चारला की ते उठणार होते, जाणार होते, आणि घर पुन्हा तसंच होणार होतं. मावशी अंगठा धरून उभी राहिली. किती वेळ, ते तिला सांगता आलं नाही. ऊन भिंतीवरून गेलं होतं.

मग ती म्हणाली, "झाली."

पुढच्या क्षणी ती कॉटवर होती. घाम फुटलेला. पंख्याचा आवाज, पोरांचा आवाज, सगळं परत आलं होतं.

डावा पाय उघडा होता आणि बर्फासारखा गार पडला होता.

दुसऱ्या दिवशी तिने मला हे फोनवर सांगितलं. मी तिला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, स्लीप पॅरालिसिस, पाळीच्या कामात होतं, दिवसाची झोप सुधारा. मी मोबाइलवर वाचलं, त्यात शरीराबाहेर जाण्याचं, ॲस्ट्रल प्रोजेक्शनचं बरंच काही होतं. डॉक्टरांचं पटलं. मावशीही मान डोलवत होती. पुन्हा झालं तर सांग, मी म्हणाले. तिने पुन्हा कधी विषय काढला नाही.

मी समजले, संपलं.

काही महिन्यांनी दुकान लवकर बंद झालं म्हणून दुपारी तिच्याकडे गेले. शिंपीणबाईंकडे किल्ली असते, ती घेतली. हल्ली मावशी कडी लावत नाही, असं त्या म्हणाल्या. मावशी झोपली होती. कॉटला लागून एक लाकडी खुर्ची ठेवलेली होती, हॉस्पिटलात पेशंटच्या नातेवाइकाला असते तशी. ही खुर्ची मी आधी पाहिली नव्हती. मी बसले.

खुर्ची गार होती. गार म्हणजे... नुसतं बसून दात वाजायला लागले.

मग मला शिट्टी ऐकू आली.

मावशी कुशीवर होती. एक हात गालाखाली. डावा पाय बाहेर.

मी उठून पायथ्याशी गेले. का गेले, मला माहीत नाही. अंगठा दाबला.

"झाली का वेळ?"

आवाज मावशीचा होता. बोलणं मावशीचं नव्हतं.

"झाली," मी म्हणाले.

श्वास थांबला. छाती हलेना. मी तिच्यावर वाकले तेवढ्यात तिने डोळे उघडले. दचकली नाही. मला बघून आनंदही झाला नाही.

"उठवलंस कशाला?" ती हळूच म्हणाली. "ह्यांचा आत्ताच डोळा लागला होता."

मला रडू आलं. रागही आला. मी म्हणाले, मावशी, अगं हे रोज करतेस? तिने चहा टाकला आणि सांगितलं. रोज. ती उठते, ते झोपतात, ती शेजारी बसून बघते. आयुष्यात त्यांना झोपलेलं असं निवांत बघायला मिळालंच नव्हतं. कधी कामाची घाई, कधी स्वयंपाकाची. आता काही घाई नसते.

"आणि एखाद्या दिवशी ते उठलेच नाहीत तर?" मी विचारलं.

"मग मी बसेन. मला बसायला काय लागतं?"

निघताना दारात तिने माझ्या गालावरून हात फिरवला. म्हणाली, "आणि बाळा, पुढच्या वेळी स्टूल घेऊन बस. खुर्चीत मी असते."

मी तिच्याकडून एक कबूल करून घेतलं. रोज संध्याकाळी उठली की मला फोन करायचा. फोन आला नाही तर मी येऊन अंगठा दाबणार. ती हो म्हणाली. फोन रोज यायचा. उठले गं बाळा, निघते आता. एवढंच.

गेल्या महिन्यात एके दिवशीही आला.

दुकानात गिऱ्हाईक होतं. मी फोन खांद्याने कानाला धरला होता.

आवाज मावशीचाच. तरतरीत, ताजातवाना. मागे बारीक शिट्टी...

"आज झोप मस्त झाली, कंडक्टर. निघतो आम्ही."

मी गिऱ्हाइकाला तसंच सोडून धावले.

खोलीत कुणी नव्हतं. मावशीच्या चपला नव्हत्या, डबा नव्हता, खुंटीवरची पिशवी नव्हती. अंग कामावर गेलं होतं. कॉटवर पांघरूण एका बाजूने उघडून ठेवलेलं होतं. मी हात लावून बघितला. गादी अजून गरम होती.

खुर्ची गार होती. मी तिच्याजवळ जमिनीवर बसले. म्हणाले, मावशी, मी आहे.



मग कॉटच्या जाळीने... हलकेच आवाज केला. पांघरुणाची उघडी बाजू हळूहळू आत सरकली. कुणी दमून अंग टाकतं, तशी.

मी खुर्चीला पुन्हा हात लावला. आता ती साध्या लाकडासारखी होती.

मी उठले आणि पांघरूण खाली पायथ्यापर्यंत ओढून दिलं. पाय उघडे राहिले तर तिला झोप लागत नाही.

मावशी आजही कामावर जाते. लॉन्ड्रीतली इस्त्रीवाली मला म्हणाली, तुझी मावशी हल्ली बरी दिसते, छान आराम होतो वाटतं तिला. मी हो म्हणाले.

फोन अजूनही रोज येतो. उचलला की मी आधी काही बोलत नाही.

आज मला काय म्हणून हाक मारली जाते, ते ऐकते.