चटणीच्या स्टॉलवरचा अंधार

"मॅडम, आमची स्क्रीन कुणीतरी मुद्दाम बंद करतंय," राजनंदिनी म्हणाली. "रविवारपर्यंत गर्दी न्हाय दिसली, तर मॅनेजर जागा दुसऱ्याला देणार."

सोलापुरातल्या मॉलमध्ये तिचा शेंगाचटणीचा स्टॉल होता. स्क्रीनवर चटणीत तेलाची धार पडू लागली, की माणसं थबकत.

"कधी बंद होते?" गुप्तहेर इंद्रायणीबाईंनी विचारलं.

"गणपतीत साडेसहाला व्हायची, दहा मिनिटं. आता दिवाळी आली, तर सहालाच. तीबी अर्धा तास! मी तवा पोरीला क्लासवरनं आणाय जाते. मॅनेजरनं कॅमेऱ्यात बघून सांगितलं. पर त्यात स्क्रीनच्या मागचं दिसत न्हाय."

"रोज?"

"गेला रविवार सोडून. सासरे सांगोल्याच्या बाजाराला गेलेले, मी स्टॉलवरच हुते."

"म्हणजे तिला बघून चोर घाबरला," सहायक हृषीकेश म्हणाला. त्याचा संशय केव्हाच समोरच्या स्टॉलवर जाऊन बसला होता.

समोर चन्नप्पा कडक भाकरी विकत होता. तो उखडलाच. "तिची चटणी घेतली की लोक माझी भाकरी घेतात. मी कशाला बंद करू?"

मॉलचा तंत्रज्ञ अनीश म्हणाला, "टायमर नाही, बिघाडही नाही. वीजच तुटते."

राजनंदिनीचे सासरे गुंडाआण्णा स्क्रीनच्या मागे बसले होते. शेजारी देवाचा फोटो, पुढे विजेचा छोटा दिवा. मॉलमध्ये ज्योत लावायला बंदी होती.

"गिऱ्हाईक लई कमी झालंय, बाई. देवाला साकडं घातलंय."

इंद्रायणीबाई वाकल्या. खाली सॉकेट एकच होतं.

त्या हसल्या. "हृषीकेश, वाईटावर असलेला माणूस घड्याळ बघतो. ही वेळ सूर्याबरोबर सरकते आहे. दिवेलागण! आण्णा, दिव्यासाठी कुठला प्लग काढता?"

"ह्यो काळा. चार्जर हाय की."

"तो स्क्रीनचा आहे. तिचं तोंड गिऱ्हाइकांकडे, म्हणून मागे बसून तुम्हाला अंधार दिसला नाही. रविवारी तुम्ही नव्हता, स्क्रीन चालू राहिली. आणि दहा मिनिटांचा अर्धा तास कसा झाला?"

आण्णांचा चेहरा उतरला. "गिऱ्हाईक घटलं, म्हणून दिवा जास्त वेळ ठेवाय लागलो."

राजनंदिनीला हसू आवरेना, आणि डोळेही भरून आले. "मामा, सांगायचं तरी!"

हृषीकेशने खाली जाऊन चार सॉकेटची जोडपट्टी आणली. अनीशने स्क्रीनसाठी आण्णांच्या दिवा लावणाऱ्या हातांचं चित्रीकरण केलं.

रविवारी सहा वाजता देवापुढे दिवा लागला आणि स्क्रीनवरही आण्णांचे सुरकुतलेले हात दिवा लावताना दिसले. त्यांच्यापाठोपाठ तेलाची धार आली. जाणारी माणसं थांबली, मग रांग लागली. रांगेत मॅनेजरही होता.

"जागा?" राजनंदिनीने पुडा बांधता बांधता विचारलं.

"तुमचीच," तो म्हणाला. "चटणी जरा तिखट द्या."