तहानेल्या शिपायाची बाटली

त्या दुपारी मी परसात पुरलेल्या बाटल्या उकरायला गेलो होतो. त्यात विशेष काहीच नव्हतं. पाण्याचा तांब्या पुढ्यात ठेवलात ते बरं केलंत, सांगतो.

माझा धंदा युद्धातल्या जुन्या वस्तूंचा. वस्तू नव्या, जुनेपणा माझा. मेहुणा पत्र्याच्या पाण्याच्या बाटल्या घडवून देतो. मी त्यांना पोचे पाडतो आणि मिठाच्या ओल्या मातीत तीन आठवडे पुरतो. पण नुसत्या गंजावर गिऱ्हाईक भाळत नाही, त्याला गोष्ट लागते. आणि गोष्ट सांगण्यात माझा हात धरणारा कोणी नाही! शिपायाने शेवटचा घोट जखमी शत्रूला पाजला आणि स्वतः तहानेने तडफडून गेला... बाटली खपलीच. खरं वाटावं म्हणून शिपायाला मी माझंच घर दिलं होतं. तोच निळा दरवाजा, तीच डोळ्यांनी अधू आई, तिचा एकुलता एक मुलगा.

त्या दिवशी आठ बाटल्या उकरून घरात आणल्या आणि तेव्हापासून घरातलं पाणी आटू लागलं. सकाळी भरलेलं पिंप संध्याकाळी कोरडं. गळती कुठेच नव्हती. पिंपाभोवती फक्त ओल्या, खारट मातीचा वास.

"किती पाणी पितोस रे दुपारचा?" आई म्हणाली. "घटाघटा... इथवर ऐकू येतं."

दुपारी मी दुकानात असतो.

घाबरलो, खोटं कशाला बोलू. पण हातपाय गाळणाऱ्यातला मी नव्हे. शिपाई माझा, गोष्ट माझी. तहान मी लावली, मीच भागवीन. दुसऱ्या दिवशी एक निवृत्त मास्तर बाटली बघायला आले. त्यांना मी नवाच शेवट सांगितला.

"ऐन वेळी पाणी मिळालं त्याला. पोटभर प्यायला आणि घरी परतला."

"आईला दिसत नव्हतं म्हणालात," मास्तर चष्मा पुसत म्हणाले. "तिने ओळखलं त्याला?"

"आवाजावरून! दारातच कवटाळलं," मी ठोकून दिलं.

मास्तर बाटली घेऊन गेले. मी शीळ घालत घरी निघालो. ऊन अजून उतरलं नव्हतं. निळा दरवाजा आतून बंद होता. आई दिवसा कधी कडी लावत नाही.

"आई, दार उघड."

"कोण?"

"अगं, मी!"

मग आई हळूच म्हणाली, "माझा मुलगा जेवायला बसलाय. तुम्ही कोण?"

"आई, माझा आवाज ओळख ना..."

आत कोणीतरी पाण्याचं भांडं खाली ठेवलं. मग अगदी माझ्याच आवाजात, माझ्याच ठसक्यात बोललं, "कोणी विकणारा असेल, आई. उघडू नकोस. हे लोक काय वाटेल त्या गोष्टी सांगतात."

आई हसली. किती दिवसांनी हसली असेल! मी पायरीवर तसाच उभा राहिलो. तोंडाला कोरड पडली होती, जिभेवर मिठाची चव.

असो. निघेन मी. काहीतरी मार्ग काढीनच, गोष्टी रचण्यात अजून कुणाला हार गेलेलो नाही. फक्त जरा... तांब्या रिकामा झाला वाटतं. आणखी पाणी आहे का घरात?