बोलता येईल इतक्याच वेगाने

२०१८ सालचा फेब्रुवारी. लखनौच्या मानक नगरात सकाळचं धुकं विरळ होऊ लागलं होतं, आणि रेल्वे कॉलनीच्या मैदानाला फेऱ्या घालत शर्मिष्ठा मोठ्याने पाढे म्हणत होती. तीन महिन्यांपूर्वी तिच्या छातीत पेसमेकर बसला होता. "रोज चाला, पण चालताना बोलता आलं पाहिजे. धाप लागली की वेग कमी," असं डॉक्टरांनी बजावलं होतं. एकटीनं बोलायचं तरी काय? म्हणून पाढे.

"एकोणतीस साते दोनशे तेरा…"

"दोनशे तीन!" मागून आवाज आला.

तिनं वळून पाहिलं. गळ्यात मफलर, डोळ्यांत हसू.

"सॉरी हं. लखनौत मराठी पाढा, तोही चुकीचा… राहवलं नाही. मी सुजय. इथेच रेल्वेच्या लॅबमध्ये इंजिनिअर आहे."

"मी शर्मिष्ठा. हज़रतगंजला बँकेत असते."

"बँकेत? आणि पाढे कच्चे?"

"तुम्ही काय, पहाटेपासून चुका काढत फिरता?"

दुसऱ्या दिवसापासून दोघं बरोबर चालू लागली आणि पाढे बंद पडले. धाप लागली की ती म्हणायची, "जरा हळू… ताडासारखे पाय आहेत तुमचे!" खरं कारण सांगायची सोय नव्हती. पेसमेकरचं कळताच दोन स्थळं परत गेली होती आणि तिची आई मनीषाताई रोज बजावायच्या, "मशीनचं कुणाला बोलायचं नाही!"

होळीच्या आधी सुजय म्हणाला, "रविवारी आमची लॅब बघायला या ना. असली चुंबकं आहेत यार, खिशातल्या किल्ल्या ओढून घेतात!"

ती जागीच थबकली. "नको."

"मग पुढच्या रविवारी?"

"कधीच नको."

त्याचा चेहरा उतरला. "अच्छा… मीच जरा जास्त समजून बसलो. माफ करा." तो वळून चालू लागला.

गप्प राहिली असती, तर गुपित राहिलं असतं – आणि तो गेला असता.

"सुजय, थांबा! मला पेसमेकर आहे. चुंबकाजवळ जाता येत नाही. मी लॅबला नाही म्हटलं… तुम्हाला नाही."

तो परत आला. मग म्हणाला, "आमच्या दारावर पाटीच आहे – पेसमेकर असणाऱ्यांनी आत येऊ नये. मग मीच बाहेर येत जाईन. रोज. चालेल?"

"चालेल," ती म्हणाली, आणि कानापर्यंत लाल झाली.

त्याच वर्षी डिसेंबरात त्यांचं लग्न झालं. मनीषाताई आता शेजारणींना स्वतःहून लेकीच्या मशीनबद्दल सांगतात, जावयाचं कौतुक त्यात आलंच. डॉक्टरांना विचारून शर्मिष्ठा पुन्हा बॅडमिंटन खेळू लागली. सुजय अजून त्याच लॅबमध्ये आहे. फोनमध्येही चुंबक असतं, म्हणून शर्टाच्या खिशात तो ठेवणं मात्र त्यानं कायमचं सोडलं. ती केव्हा येऊन बिलगेल, नेम नाही.