चाललं तर दार उघडं

त्या दुपारी प्रोग्राम जोडून त्याचं बिल्ड पूर्ण झालं, पण आतल्या खोलीचं दार उघडलं नाही. म्हणजे प्रोग्राम चालला नाही, असं धरून तो चूक शोधत बसला.

नवरा-बायकोचं तसंच ठरलेलं होतं. पाणीपुरवठ्याच्या पंपांवर लिनक्सवर चालणारी जुनी कॉम्प्युटर मशीनं होती. नव्या लायब्ररींशी, म्हणजे तयार कोडच्या नव्या संचांशी, जोडलेला प्रोग्राम त्यांवर सुरूच होत नसे. जुन्यांशी जोडलेला सगळीकडे चाले. तो बाहेर बसून जोडणी करायचा, ती आत आपल्या पंधरा वर्षांच्या लॅपटॉपवर तपासायची. "माझ्या म्हातारीवर चाललं की कुठेही चालेल," म्हणायची. चाललं, की खुर्चीतूनच पायाने दार ढकलायची. नाही चाललं, तर दार बंद.

चाळीस मिनिटांनी तो आत गेला. प्रोग्राम व्यवस्थित चालू होता. ती खुर्चीत मान टाकून बसली होती. हात गार पडले होते.

महिनाभराने त्याने तिचा लॅपटॉप आतच ठेवून त्याची बॅटरी आणि चार्जर आपल्या खणात टाकले, खोलीचं दार लावून घेतलं आणि कामाला बसला. जुन्या लायब्ररींशी जोडणी झाली. दार चार बोटं उघडलं.

वारा असेल. त्याने आतली खिडकी लावली, बिजागऱ्या पाहिल्या, दार पुन्हा ढकलून बंद केलं. मुद्दाम नव्या लायब्ररींशी जोडून पाहिलं. दार हललं नाही. परत जुन्यांशी. दार उघडलं, या वेळी हातभर.

मग काम नसतानाही तो रोज एक बिल्ड करू लागला.

मेव्हणा त्याच्याच ऑफिसात होता. त्याचा फोन आला.

"भाऊजी, पंपांवरची जुनी मशीनं काढली. आता नव्यावरच बांधा."

"जुन्यावर बांधलेलं नव्यावर चालतं की."

"चालतं हो. पण ते गाठोडं किती दिवस वाहणार? ताई असती तर तिनेच फेकायला लावलं असतं."

"तिला विचारतो," हे तोंडाशी आलेलं त्याने गिळलं.

त्याने नव्या लायब्ररींशी जोडणी सुरू केली. दार तेव्हा सताड उघडं होतं.

बिल्ड पूर्ण झालं.

दार सावकाश लागलं.

मग कडी सरकली.

त्या खोलीला दुसरं दार नाही. कडी आतून आहे. त्यानंतर त्याने जुन्या लायब्ररींशी अकरा वेळा जोडून पाहिलं. दाराखालून आता लॅपटॉपच्या पडद्याचा निळसर उजेड येतो. बॅटरी आणि चार्जर खणातच आहेत.

सुताराला त्याने अजून बोलावलेलं नाही.