खोटा हात

घडीचा चाकू विकत घेताना लोक मूठ बघतात. लाकडाची आहे की शिंगाची, चकाकते का, खिशात शोभेल का. ते बघून माझं डोकंच फिरतं. अरे, मूठ काय शोकेसमध्ये ठेवायचीय? चाकूचं खरं मोल मुठीच्या आत, एका बोटभर पट्टीत असतं. पातं पूर्ण उघडलं की ती पट्टी सरकून त्याच्या बुडाशी येऊन टेकते आणि तुम्ही मुद्दाम बाजूला ढकलेपर्यंत पातं मिटू देत नाही. आम्ही तिला लॉक म्हणतो. लॉक पक्कं असेल तर चाकू घ्या, नाहीतर सरळ कात्री वापरा.

चाकूंच्या कारखान्यात तपासणीची खोली माझ्याकडे आहे. मागच्या आवाराकडे उघडणारी एक खिडकी, लोखंडी टेबल, त्यावर वस्तू आवळून धरणारे दोन शिकंजे, भिंतीवर ओळीनं टांगलेली वजनं आणि नमुन्यांचं कपाट. कपाटाची किल्ली माझ्या गळ्यातल्या दोरीत असते. सगळ्याला मशीनच्या तेलाचा वास येतो, आता माझ्या केसांनाही येतो म्हणतात.

आणि तिथे खोटा हात असतो. ही माझी स्वतःची युक्ती. कारखान्यातली माणसं जुने हातमोजे माझ्या दारामागच्या खोक्यात टाकतात. त्यातला एक घ्यायचा, बोटांत लाकडी कांड्या घालायच्या, तळव्यात चिंध्या कोंबायच्या, तो हात शिकंज्यात आवळायचा आणि त्याच्या मुठीत उघडा चाकू बसवायचा. मग पात्याच्या पाठीवर वजन टांगायचं. लॉक सुटलं तर पातं मिटतं आणि त्या खोट्या बोटांवर येतं. कांडीवर खाच पडली की माल नापास. यात कुणाची खरी बोटं जात नाहीत, म्हणून मला तो हात आवडायचा.

गेल्या वर्षी एक माल मी असाच नापास केला. लॉकची पट्टी पातळ होती, अर्ध्या वजनालाच सरकायची. आमचे मोठे साहेब हसत हसत खोलीत आले. पाठीमागे आम्ही त्यांना गुळगुळीत म्हणतो, आणि इथून पुढे मी त्याला अहोजाहो करणार नाही. म्हणाला, बाई, तुम्ही चाकूला हत्ती टांगता, लोक फक्त सफरचंद कापतात. मी घसा फुटेस्तोवर भांडले. त्यानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि माल बाजारात पाठवला.

त्यातला एक चाकू माझ्या धाकट्या भावाच्या खिशात गेला. तो जाहिरातींचे मोठाले फलक चढवायचं काम करायचा. ठेकेदारानं सगळ्यांना नवे चाकू वाटले होते, आणि मला दाखवायच्या आधीच त्यानं तो वापरायला घेतला. उंचावर होता. कमरेचा पट्टा एका कडीतून काढून दुसरीत अडकवायच्या मधेच त्यानं एक दोर कापायला घेतला आणि लॉक सुटलं. तो डावखुरा, पातं डाव्या बोटांवर मिटलं. माणूस दुखरा हात दुसऱ्या हातानं धरतोच. दुसऱ्या हातानं त्यानं लोखंडी दांडा धरलेला होता.

चौकशी आमच्याच कारखान्यात झाली. मी तेव्हा सुतकात, घरी भावजयीपाशी बसून होते. गुळगुळीतनं माझ्या खोलीत, माझ्याच खोट्या हातात तो चाकू बसवला आणि ठेकेदाराच्या माणसांसमोर पूर्ण वजन टांगलं. लॉक जागचं हललं नाही. "चाकूत दोष नाही. वापरणाऱ्यानं चुकीचा धरला," असं म्हणून त्यानं विषय मिटवला, आणि सगळ्यांनी माना डोलावल्या.

मग काय, भेटायला येणारा प्रत्येक जण तेच बोलायला लागला. जरा सांभाळून धरायचा होता हो. माझी भावजय सगळ्यांना पाणी द्यायची आणि आत निघून जायची. एकदा आतल्या खोलीत ती मला म्हणाली, "ताई, मला दुसरं काही नको. ह्यांची चूक नव्हती, एवढं कुणीतरी चारचौघांत म्हणावं." मी तिला शब्द दिला. म्हटलं, तो चाकू माझ्याच खोलीत पडलाय, मी त्याच्याकडून खरं वदवून घेते.

कामावर गेले त्याच दिवशी मी तो काढला. आधी त्याच मालातले शिल्लक नमुने लावले. सगळे अर्ध्या वजनाला सरकले. मग हा लावला. पूर्ण वजन लावलं तरी ढिम्म. दुप्पट लावलं. खिडकीची काच थरथरली, शिकंजा करकरला, वजनाची कडी वाकली. लॉक तसंच. भिंग लावून बघितलं तर पट्टी तितकीच पातळ होती. धातूला कधी राग आलेला मी पाहिलेला नाही, पण तो चाकू मला हट्टाला पेटल्यासारखा वाटला. मी त्याला शिव्या घातल्या आणि कपाटात फेकला.

पुढे रोज तेच चाललं होतं. मी वजन लावायची, तो हलायचा नाही. इतर चाकू वापरानं सैल होतात, हा आवळत चालला होता. पातं ज्यावर फिरतं त्या खिटीत होती नव्हती ती हालचाल गेली. तपासणीत दोर कापून कापून पात्याची धार उतरायला हवी, तर ती चढत होती. एकदा पुसताना माझ्या हातातल्या फडक्याचे न ओढताच दोन तुकडे झाले.

आणि तो घासल्याचा डाग. उजव्या हाताचा माणूस लॉक अंगठ्यानं ढकलतो, डावखुरा तर्जनीनं, खालच्या कोपऱ्यावर. त्या कोपऱ्यावर भावाच्या बोटानं जेमतेम एक चमक आलेली होती, दोन-चार दिवसांच्या वापराची. ती वाढायला लागली. मी उजव्या हाताची आहे, किल्ली माझ्या गळ्यात, आणि तरी दर आठवड्याला तो कोपरा जास्त उजळ दिसायचा. शेवटी तो वर्षानुवर्षं कुणीतरी चाकू उघडमीट करत बसल्यासारखा झिजला. भावाला लहानपणापासून तीच सवय होती. कुणाची वाट बघायची असली की तो चाकू उघडायचा, मिटायचा, आणि आई ओरडायची.

हे मी कुणाला सांगणार होते? माझा विश्वास वजनावर.

मग माझा खोटा हात उसवला. दारामागच्या खोक्यातून हाताला लागला तो हातमोजा घेतला, भरला, शिकंज्यात बसवला. त्याच्या मुठीत चाकू ठेवला आणि सगळ्यात हलकं वजन उचललं. ते पात्याला लागतं न लागतं तोच खटकन आवाज झाला.

चारही बोटं टेबलावर पडली होती. कातडं, लाकडी कांड्या, सगळं एका रेषेत कापलेलं. कापलेल्या तोंडातून सेंटचा वास आला आणि माझ्या लक्षात आलं, हा तपकिरी मोजा कुणाचा. गुळगुळीत सेंट लावल्याशिवाय घराबाहेर पडत नाही.

मी वॉचमनचा मोजा भरून लावला. चाकू दुप्पट वजनाला हलला नाही. स्वयंपाकघरातल्या बाईंचा लावला. हलला नाही. मग खोक्यात हात घालून तपकिरी जोडीतला दुसरा मोजा शोधून काढला, भरला, लावला.

खटकन.

खरं सांगते, मला भीती वाटायला हवी होती. मला हसू आलं. किती तरी महिन्यांनी मी पोटभर हसले, आणि ती आठ बोटं कागदात गुंडाळून कचऱ्यात टाकली.

इकडे बाजारात कुजबुज सुरू झाली होती. चाकूनं माणूस मेला म्हणून घाऊक व्यापारी कचरायला लागले. गुळगुळीतनं डोकं लढवलं. व्यापाऱ्यांना बोलवायचं आणि त्यांच्यासमोर तोच चाकू आपल्या हातात धरून दाखवायचा, पात्याखाली स्वतःची बोटं ठेवून. तसं दाखवायची त्याला जुनी खोड होतीच. आदल्या दिवशी तो माझ्या खोलीत आला. चाकू हातात घेतला नाही, नुसता वाकून बघितला आणि विचारलं, बाई, हा काही दगा नाही ना देणार? मी म्हटलं, साहेब, याच्याइतका पक्का चाकू या खोलीत दुसरा नाही. तेवढं तरी खरंच होतं.

सकाळी व्यापारी आले. लांब टेबलावर पांढरं कापड, त्यावर चाकू. ऊन थेट पात्यावर पडलं होतं. मला मुद्दाम बोलावून घेतलं होतं, कारण माझ्या तोंडाळपणाचा बाजारात लौकिक आहे. ही बाई पास म्हणते म्हणजे पास, असं सगळे मानतात.

गुळगुळीतनं चाकू उघडून मुठीत घेतला. माझ्याकडे बघून हसला.

"बाई, तुम्हीच सांगा यांना."

तोंड उघडलं तर तो वाचणार होता. मी भावाचा दुसरा हात आठवला, दांड्यावरचा.

"पास आहे," मी म्हणाले.

आयुष्यात पहिल्यांदा मी खोटा निकाल दिला, आणि तो मला गोड लागला.

त्यानं पात्याची पाठ टेबलावर टेकवली. आपटली नाही, नुसती टेकवली.

खटका मला ओळखीचा होता.

दुसऱ्या हातानं दुखरा हात घट्ट धरून तो नुसता आपल्या मनगटाकडे बघत होता, जसं काही तिथे अजून कुणाचा तरी हात आहे.

पुन्हा चौकशी लागली. या वेळी मुख्य कचेरीतून दोन अधिकारी आले आणि विचारायला माझ्याच खोलीत बसले. खुर्चीत गुळगुळीत, मांडीवर बँडेजचा गोळा. त्यांनी मला सरळ विचारलं, बाई, दोष चाकूत आहे की माणसात?

शिल्लक नमुने कपाटात होते. किल्ली गळ्यात होती. एकेक काढून अर्ध्या वजनाला सरकताना दाखवला असता तर सगळ्या मालाचं पितळ तिथेच उघडं पडलं असतं. पण मला त्याचा चेहरा दिसत होता. तो माझ्याकडे आशेनं बघत होता. बाई दोष दाखवील, बाई खरं बोलते. त्या आशेनं माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आमच्या घरी कुणाला होती अशी आशा? मी वॉचमनच्या मोज्यात तो चाकू बसवला, दुप्पट वजन टांगलं, आणि लॉक हललं नाही हे दोघांना जवळ बोलावून दाखवलं. मग त्याच्या डोळ्यांत बघून, त्याचेच शब्द, त्याच्याच सावकाश सुरात म्हणाले:

"चाकूत दोष नाही. वापरणाऱ्यानं चुकीचा धरला."

त्याची मान खाली गेली. मी घरी गेले ती जवळजवळ धावतच.

भावजय शर्टाला बटण लावत बसली होती. मी तिला सगळं सांगितलं, शब्दन् शब्द, त्याची मान कशी खाली गेली तेही करून दाखवलं. ती सुई टोचता टोचता थांबली.

"चारचौघांत म्हणालात?" तिनं विचारलं.

"अगं, साहेबांच्या तोंडावर."

"तोच चाकू होता ना, ताई?"

मी हो म्हटलं. तिनं दोरा दातानं तोडला.

"म्हणजे ह्यांचीच चूक होती, हे आता तुम्ही पण सांगितलंत."

ती उठून आत गेली, आणि थोड्या वेळानं माझ्यापुढे पाण्याचा ग्लास आणून ठेवला, भेटायला येणाऱ्यांपुढे ठेवायची तसाच.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खोली उघडली. खिडकीतून नेहमीचंच ऊन येत होतं. कपाटातून चाकू काढला तेव्हा त्याचं पातं गार नव्हतं, नुकतंच कुणाच्या तरी खिशातून निघाल्यासारखं कोमट होतं. खालचा कोपरा आरशासारखा लखलखत होता.

मला फक्त बघायचं होतं. मी माझे स्वतःचे हातमोजे काढले, उजवा भरला, बोटांत कांड्या घातल्या, शिकंजा आवळला. मुठीत चाकू बसवला आणि भिंतीवरचं सगळ्यात हलकं वजन घ्यायला वळले.

मागे खटका वाजला, तेव्हा वजन माझ्या हातातच होतं.