डावा हात

शेणव्याच्या थांब्यावर देवकी रिक्षातून उतरली, तोच एक तरुण धापा टाकत पुढं आला. बोटांना खडू, कपाळाला घाम.

"शाळेवर ना, मॅडम? चला. मी सूरज, तिथलाच गुरुजी."

"या वेळी गुरुजी शाळेत असतात."

"साहेब यायचेत, म्हणून घ्यायला आलो. साहेब... तुमीच निघालात!"

देवकी नवी शिक्षण विस्तार अधिकारी. पाय एका जागी ठरायचे नाहीत तिचे. सूरजनं तिला शेतांतून नेलं, पळसाखालून नेलं, पुन्हा शेतांतून...

"हा पळस मघाशी पाहिला."

"दुसराय तो."

"आणि त्याखालची शेळी?"

"जुळ्या हायत."

ती हसली नाही. म्हणजे — बाहेरून नाही.

शाळा निघाली थांब्यापासून हाकेवर! एवढा फेरा कशासाठी, ते वर्गात कळलं. पोरांना तयारीला वेळ हवा होता.

तिनं प्रश्न विचारला. सगळे हात वर. दुसरा विचारला. सगळे वर! मग दिसलं — काही उजवे, काही डावे. डावा हात वर केलेल्या एका पोराला, कोंडूला, तिनं उठवलं.

"मला नाय येत, बाय."

"मग हात का वर केलास?"

"गुरुजी बोलले, येतंय त्यानं उजवा, नाय येत त्यानं डावा. साहेबाला काय कळतंय!"

सूरजची नजर कोऱ्या फळ्यावर. शिक्षणसेवक होता तो. एक वाईट शेरा, की घरी.

देवकीनं पेन उघडलं... मिटलं.

"खूण चांगलीय. मोडू नका. फक्त साहेबाला दाखवण्यापुरती ठेवू नका, रोज वापरा. डावा हात म्हणजे लाज नव्हे, गुरुजी. डावा म्हणजे — मला शिकवा. धडा तिथून सुरू करायचा."

आणि कोंडूशेजारी मांडी घालून तिनं चिंचोके मांडले.

मग —

ती पुन्हा गेली. पुन्हा गेली. सापगावची शाळा बघायला निघालेली वाट शेणव्याकडं वळायची. कुठं सापगाव, कुठं शेणवा!

"मॅडम, आज एकबी डावा हात नाय."

"मग मी कशाला आले?"

"तेच विचारणार होतो..."

शहापूरच्या खोलीत तिला बसवेना, उठवेना. ज्याच्या दारात आपला हात आपसूक केसांकडं जातो, त्याचा शेरा आपण लिहायचा? दुसऱ्याला बोललो असतो, ते याला बोलू? आणि नाही बोललो, तर नुकसान कुणाचं? कोंडूचं.

तिनं बदली मागून घेतली.

पळसाखाली तिनं सांगितलं, "आता मुरबाडच्या शाळा बघणार मी."

"आमचं काय चुकलं?"

"तुमचं नाही. मला इथं चूक दिसेनाशी झालीय... म्हणून."

सूरजनं बोटांवरचा खडू पुसला. मग हळूच —

"म्हणजे आता तुमी आमच्या साहेब नाय?"

"नाही."

"मग एक विचारू? संसार... माझ्यासंगं... जमंल?"

देवकीनं हात वर केला.

डावा.

सूरजचा चेहरा खर्रकन उतरला. शेळीनंसुद्धा मान वर केली.

"विसरलात, गुरुजी?" ती म्हणाली. "डावा म्हणजे काय?"

तो बघत राहिला. बघत राहिला... आणि एकदम फुलला.

त्यानंही हात वर केला.

डावाच.